वाचकांचे प्रश्न : इटालियन भयपटातलं वेड

गेल्या अंकात इटलीच्या मानसिक भयपटांवर एक पानाचं टिपण छापलं होतं. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यातले काही इथे घेतले आहेत. जिथे रहस्य फुटतं तिथे उत्तराच्या सुरुवातीलाच तसं सांगितलंय.

प्रश्न : ‘सुस्पिरिया’ मोबाइलवर बघायलो तर ओठ एकीकडं अन् आवाज एकीकडं. कॉपीच खराब आहे का? इटालियन बघावा का इंग्रजी? अन् या सिनेमांची सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, औसा

कॉपी ठीक आहे. साठ-सत्तरच्या दशकात इटलीत बहुतेक सिनेमे आवाजाशिवायच चित्रित होत. सेटवर आवाज घेतलाच, तर तो डबिंग करणाऱ्यांना अंदाज यावा एवढ्यापुरता. कलाकार चार देशांचे, जो तो आपल्या भाषेत बोलायचा आणि सगळे संवाद नंतर स्टुडिओत चढवले जायचे. त्यामुळे इटालियन ट्रॅकही डब केलेला आणि इंग्रजीही. नायक-नायिकेचे ओठ ज्या ट्रॅकशी जास्त जुळतात तो लावावा. ‘सुस्पिरिया’ची नायिका जेसिका हार्पर अमेरिकन आहे, म्हणून तिथे इंग्रजी बरा.

त्यापेक्षा लांबीकडे लक्ष द्या, कारण फसगत तिथे होते. दारिओ आर्जेंतोचा ‘प्रोफोंदो रोस्सो’ (१९७५) इटलीत सव्वादोन तासांना थोडा कमी, म्हणजे साधारण १२७ मिनिटांचा होता. परदेशात गेलेली प्रत पावणेदोन तासांच्या आसपास होती. मधली नायक आणि पत्रकार मुलीची थट्टामस्करी उडवलेली, काही हिंसाही कापलेली. ती थट्टा गेली की सिनेमाचा श्वास जातो, नुसते खून उरतात. इंग्रजी डबिंग छोट्या प्रतीपुरतंच झालं होतं. म्हणून पूर्ण प्रतीवर इंग्रजी ट्रॅक लावला की मध्येच पात्रं इटालियन बोलायला लागतात. हा सिनेमा इटालियन आवाज आणि सबटायटल लावूनच बघा. जुन्या युरोपीय डीव्हीडीवर १२२ मिनिटं दिसली तर काही कापलं आहे असं समजू नका. तिथे सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम पळतात, त्यामुळे वेळ चार टक्क्यांनी घटतो.

मारिओ बावाच्या ‘लिसा ए इल दियावोलो’चे (१९७३) हाल तर याहून वाईट झाले. अमेरिकेत भूतबाधेच्या सिनेमांची लाट आली तेव्हा निर्मात्याने त्यात पाद्री आणि झाडफूक घुसडून १९७५ मध्ये ‘हाउस ऑफ एक्झॉर्सिझम’ नावाने वेगळाच सिनेमा काढला. ते नाव दिसलं की बंद करा.

सुरुवात ‘सुस्पिरिया’पासून करू नये असं आमचं मत. तो चेटकिणींचा सिनेमा आहे, वेडाचा नव्हे. आधी ‘प्रोफोंदो रोस्सो’, मग बावाचा ‘शॉक’ (१९७७), मग पुपी अवातीचा ‘ला कासा दाल्ले फिनेस्त्रे के रिदोनो’, म्हणजे हसऱ्या खिडक्यांचं घर (१९७६). हे तीन पचले की एलिओ पेत्रीचा ‘उन त्रांक्विल्लो पोस्तो दि काम्पान्या’ (१९६८) घ्या. त्यात फ्रांको नेरोने साकारलेला मिलानचा चित्रकार शांतता हवी म्हणून खेड्यातल्या पडक्या बंगल्यात जातो आणि युद्धात मेलेल्या एका तरुणीच्या नादी लागतो. तो सिनेमा थकवतो, पण बर्लिनच्या महोत्सवात त्याला उगाच ‘रौप्य अस्वल’ हा पुरस्कार मिळालेला नाही.

प्रश्न : ‘प्रोफोंदो रोस्सो’ दोनदा पाहिला. खुन्याचा चेहरा सुरुवातीलाच दाखवला होता असं म्हणतात. हे खरं की नुसती वदंता?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी पुढच्या प्रश्नावर जावं.

अगदी खरं आहे. नायक मार्क खिडकीतून खून होताना बघतो, वर धावतो आणि त्या घराच्या बोळातून घाईने जातो. बोळाच्या दोन्ही बाजूंना चित्रं लावलेली आहेत, विद्रूप, डोळे वटारलेले चेहरे. कॅमेरा त्याच्या चालीने पुढे सरकतो. त्या चित्रांत एक आरसा आहे आणि आरशात खुनी उभा आहे. क्षणभर, पण स्पष्ट. मार्कला नंतर सिनेमाभर वाटत राहतं की तिथलं एक चित्र नाहीसं झालंय. नाहीसं काहीच झालेलं नसतं, चित्र समजून त्याने माणूसच बघितलेला असतो.

हे लपतं कसं? प्रेक्षकाचं डोकं त्या वेळी प्रेताकडे लागलेलं असतं. चौकटीत आधीच इतके चेहरे आहेत की एक जास्तीचा खटकत नाही, आणि तो चेहराही रंगवल्यासारखा पांढुरका आणि स्थिर आहे. कॅमेरा तिथे थबकत नाही. थबकला असता, किंवा संगीताने तिथे एक ठोका दिला असता, तर सगळं उघडं पडलं असतं. दुसऱ्यांदा बघणाऱ्यालाही तो बऱ्याचदा निसटतो, कारण तो मधोमध शोधतो आणि चेहरा कडेला असतो.

आर्जेंतोच्या पहिल्याच सिनेमात, १९७० च्या काचेच्या पिसांच्या पक्ष्यात, हीच युक्ती वेगळ्या रीतीने आहे. नायकाने हल्ला डोळ्यांनी बघितलाय, फक्त कोण कोणावर धावलं याचा अर्थ उलटा लावलाय. इटलीच्या या सिनेमांतल्या वेडाचं मूळ हेच आहे. भूत खोलीत असो वा नसो, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला की माणूस तिथून घसरायला लागतो. आणि दिग्दर्शक प्रेक्षकालाही त्याच घसरगुंडीवर बसवतो, कारण बोळातून जाताना आपणही ते बघितलेलं असतं.

लघुपटात हे करायचं असेल तर वस्तू दीड ते दोन सेकंद दिसू द्या. त्याहून कमी ठेवली तर ती फसवणूक होते आणि नंतर प्रेक्षक चिडतो. त्याच शॉटमध्ये चौकटीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी हलतं ठेवा, दार किंवा पडदा. मग पाच-सहा जणांना काही न सांगता दाखवा. एखाद्यालाच सापडलं तर जमलं. सगळ्यांना सापडलं तर हलती वस्तू वाढवा. कोणालाच सापडलं नाही तर वस्तूचा आकार वाढवा, वेळ नको.

प्रश्न : आम्ही विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकतो. गावाकडच्या जुन्या वाड्यात वीस मिनिटांचा लघुपट करायचाय. सून हळूहळू भ्रमात जाते अशी गोष्ट आहे. कॉम्प्युटर न वापरता चेहरा बदलता येतो का? बजेट म्हणाल तर नसल्यातच जमा.
— विद्यार्थी, नांदेड

येतो, आणि याचे उस्ताद इटलीतच सापडतील. १९५७ च्या ‘इ वाम्पिरी’मध्ये जियान्ना मारिया कानाले कॅमेऱ्यासमोर, एकाही कटशिवाय म्हातारी होते. दिग्दर्शक रिकार्दो फ्रेडा तो सिनेमा अर्धवट टाकून निघून गेला आणि कॅमेरामन मारिओ बावाने तो पुरा केला. ही करामत बावाची, आणि १९६० च्या ‘ला मास्केरा देल देमोनिओ’त त्याने ती पुन्हा वापरली. मूळ कल्पना त्याआधी हॉलिवूडमध्ये १९३१ साली येऊन गेली होती.

तत्त्व सोपं आहे. लाल उजेडात लाल रेघ दिसत नाही, ती त्वचेइतकीच उजळ होते. हिरव्या उजेडात तीच रेघ काळी पडते. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे उजेडाचा रंग बदलला हे प्रेक्षकाला कळतच नाही. सुरकुत्या चेहऱ्यातून वर आल्यासारख्या वाटतात.

आता कृती. काम रात्रीच करा. वाड्याला माळवद असेल तर उजेडासाठी ठेवलेला झरोका गोणपाटाने झाका, नाहीतर चांदणंसुद्धा आत येतं. साधारण १२ वॅटचे दोन पांढरे एलईडी बल्ब घ्या. एकावर लाल जिलेटीन कागदाचे दोन थर, दुसऱ्यावर हिरव्याचे दोन. हॅलोजन घेऊ नका, कागद जळतो. दोन्ही दिवे जवळजवळ एकाच दिशेने, एकाच उंचीवर हवेत. एक डावीकडून आणि एक उजवीकडून लावला तर उजेड बदलताना नाकाची सावली सरकते आणि पोरासोरालाही युक्ती कळते. लाल दिवा चेहऱ्यापासून ४ फुटांवर ठेवा. हिरवा त्याच दिशेने मागे, ६ ते ८ फुटांवर, पण लाल दिवा त्याच्या आड येणार नाही इतका किंचित कडेला, कारण रंगीत चित्रणाचं कृष्णधवल करताना हिरवा रंग लालपेक्षा बराच उजळ उतरतो. नेमकं अंतर असं काढा : कलाकाराचा चेहरा न रंगवता दोन्ही उजेडांत पाच-पाच सेकंद चित्रित करा, कृष्णधवल करून शेजारी ठेवा आणि कपाळ सारखंच उजळ दिसेपर्यंत हिरवा मागेपुढे करा. रेघा त्यानंतर काढायच्या.

रेघांसाठी पाण्यात विरघळणारा लाल फेस पेंट आणि शून्य नंबरचा ब्रश. डोळ्यांखाली, गालफडाच्या खोलीत, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, कपाळावर तीन. शुद्ध लालच हवा. केशरी छटा असेल तर हिरव्यात रेघ पुरेशी काळी होत नाही आणि मरून असेल तर ती लालमध्येही दिसते. कुंकू नको, ते पसरतं आणि डाग दोन दिवस जात नाही. लिपस्टिक वापरलीच तर बिनचमकीची. अजून एक गोष्ट लोक विसरतात. लाल उजेडात खरे ओठही पुसले जातात आणि चेहरा आधीपासूनच विचित्र दिसतो. म्हणून ओठांवर बोटाने हलकं काजळ लावा, ते दोन्हीकडे सारखं राहतं.

फोन स्टँडवर. प्रो मोडमध्ये जाऊन फोकस, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स पक्का करा. ऑटोवर सोडलात तर उजेड बदलल्याबरोबर फोन स्वतःच ‘दुरुस्ती’ करतो आणि केलेलं मातीत जातं. २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आहे. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं तर दिव्याच्या पट्ट्या पळताना दिसतात. लाल उजेडात आयएसओ थोडा कमीच ठेवा. लाल फार झाला की गालाचा उतार जातो आणि चेहरा पाटीसारखा सपाट दिसतो. चित्रण रंगीतच घ्या, कृष्णधवल नंतर करा.

रंगबदल स्वस्तातल्या डिमरवर करू नका, एलईडी थरथरतो. दोघांनी दोन पुठ्ठे धरायचे. एकाने लालसमोर हळूहळू पुठ्ठा आणायचा, दुसऱ्याने त्याच गतीने हिरव्यासमोरचा काढायचा. सहा ते आठ सेकंद. पुठ्ठा दिव्यापासून अर्ध्या फुटावर असला की कड मऊ राहते. कलाकाराने डोकं भिंतीला टेकवून ठेवायचं. आणि तिने काही करायचं नाही. डोळे फिरवणं, ओठ चावणं, हसणं, सगळं बंद. चेहरा आपोआप बदलत असताना अभिनय केला की नौटंकी होते. कलाकाराला वेड लावण्यापेक्षा खोलीला लावा.

दुसरी युक्ती ‘शॉक’मधली आणि ती बिनपैशाची. लांब बोळातून लहान मुलगा आईकडे धावत येतो, जवळ पोचतो, आणि आईच्या मिठीत येतो तो मेलेला नवरा. मध्ये कट नाही. मुलगा कॅमेऱ्याजवळ येताच खाली वाकून चौकटीबाहेर जातो आणि तिथे आधीच दबा धरून बसलेला माणूस वर उठतो, एवढंच. तुमच्या वाड्यात ढेलजेपासून चौकापर्यंतचा बोळ यासाठी उत्तम. फोन साधारण ४ फूट उंचीवर, चौकटीची खालची कड मोठ्या माणसाच्या छातीशी. मुलाचं डोकं कडेखाली गेल्यापासून माणसाचं डोकं वर येईपर्यंत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त जाता कामा नये, नाहीतर चौकट रिकामी दिसते. दोघांच्या शर्टाचा रंग एकच ठेवा. चुकतं ते बहुधा एकाच ठिकाणी : मूल पोचायच्या आधीच वाकतं. त्याला जमिनीवर खडूची खूण करून द्या आणि खुणेवर पाय पडला की बसायचं, एवढंच सांगा.

प्रश्न : मी मानसिक आरोग्य विभागात काम करते. या सिनेमांत खुनी हटकून ‘मनोरुग्ण’ असतो. लहानपणी काहीतरी बघितलं, म्हणून मोठेपणी सुरा घेतला. असं दाखवून रुग्णांची बदनामीच होत नाही का?
— परिचारिका, बीड

होते. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. तुम्ही रोज बघता त्या आजारांचा या सिनेमांतल्या खुन्यांशी फारसा संबंध नाही. पटकथालेखकांनी मनोविश्लेषणातला एक तुकडा उचलला : बालपणीचा आघात, दडपलेली आठवण, एखाद्या गाण्याने ती उसळणं. शेवटच्या पाच मिनिटांत तो कुलपाच्या किल्लीसारखा वापरला. प्रत्यक्षात गंभीर मानसिक आजार असलेला माणूस हिंसा करण्यापेक्षा ती सोसण्याचीच शक्यता जास्त, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

पण काळाचा संदर्भ बघा. इटलीत १९०४ चा कायदा होता. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोकादायक, किंवा चारचौघांत लाज आणणारा, एवढ्यावर माणसाला वेड्यांच्या इस्पितळात कोंडता येत असे. फ्रांको बझालिया नावाचे मनोविकारतज्ज्ञ १९६१ मध्ये गोरित्सियाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले आणि कुलपं काढायला लागले. १९७१ पासून ते त्रिएस्तेत होते. तिथे १९७३ मध्ये रुग्णांनी आणि कलाकारांनी मिळून मोठा निळा घोडा बनवला आणि तो घेऊन सगळे शहरात उतरले. १३ मे १९७८ रोजी १८० क्रमांकाचा कायदा आला आणि अशी इस्पितळं बंद करायची ठरलं. म्हणजे ज्या दहा-पंधरा वर्षांत पडद्यावर वेडे सुरे घेऊन फिरत होते, त्याच वर्षांत तो देश वेडा कोणाला म्हणायचं यावर भांडत होता. १९७५ मध्ये मार्को बेल्लोकियो आणि सहकाऱ्यांनी ‘मात्ती दा स्लेगारे’ हा माहितीपट केला. त्यात रुग्ण स्वतः बोलतात. भयपटांच्या जोडीला तो जरूर बघा.

सगळे भयपट एका मापाने मोजू नयेत. बावाच्या ‘इल रोस्सो सेन्यो देल्ला फोल्लिया’त (१९७०) नायक पहिल्या काही मिनिटांतच आपण वेडे असल्याचं शांतपणे सांगून टाकतो. लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या घराण्याचा हा देखणा मालक. कोण खुनी हा प्रश्नच उरत नाही, त्याच्या डोक्यात बसून बघावं लागतं. लुईजी बाझ्झोनीच्या ‘ले ओर्मे’त (१९७५) तर खुन्याचा शोधच नाही. एका दुभाषी बाईचे मधले काही दिवस आठवणीतून गळालेत आणि ती ते शोधत एका बेटावर जाते. कॅमेरा वित्तोरिओ स्तोरारोचा. विस्मरणाची भीती एवढ्या संयमाने दाखवणारा दुसरा सिनेमा या पठडीत क्वचितच. फ्रांचेस्को बारिल्लीचा ‘इल प्रोफुमो देल्ला सिन्योरा इन नेरो’ (१९७४) रसायनतज्ज्ञ बाईच्या ढासळण्यावर आहे. तिच्या बाजूने सुरू होतो, पण शेवट त्याच जुन्या वाटेने जातो.

आर्जेंतोच्या १९९६ च्या सिनेमातला स्तेन्धाल सिंड्रोम खरा का, असंही तुम्ही विचारलंय. फ्लोरेन्सच्या सांता मारिया नुओवा इस्पितळातल्या डॉ. ग्राझिएल्ला मागेरिनी यांनी, कलाकृती बघताना चक्कर, धडधड, भ्रम होऊन आलेल्या प्रवाशांची निरीक्षणं नोंदवली आणि फ्रेंच लेखक स्तेन्धालला १८१७ मध्ये तिथल्याच सांता क्रोचे चर्चमध्ये आलेल्या अनुभवावरून हे नाव दिलं. निदानाच्या अधिकृत अमेरिकी पुस्तिकेत तो आजार म्हणून नाही. आणि नायिका फ्लोरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात इकारसच्या ज्या चित्रात शिरते, ते खरं तर ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे.

तुमच्या पत्रातला दुसरा मुद्दा इथेच लिहितो : असे सिनेमे बघून कोणाला झोप लागत नसेल, आवाज ऐकू येतात असं वाटत असेल, तर ‘सिनेमाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. टेली-मानस, १४४१६, हा सरकारी क्रमांक मोफत आहे. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्य विभाग असतो.

प्रश्न : बंगले, नृत्यशाळा, चित्रकार... हे सगळं शहरी वाटतं. गावातली भीती दाखवणारा आहे का एखादा?
— शेतकरी वाचक, पाथरी

दोन आहेत. पहिला वर आलेला अवातीचा, हसऱ्या खिडक्यांचं घर. पो नदीच्या मुखाजवळचा सपाट, पाणथळ मुलूख. स्तेफानो नावाचा तरुण तिथल्या चर्चमधलं संत सेबास्टियनचं भित्तिचित्र दुरुस्त करायला येतो. ते काढणारा चित्रकार लेन्यानी मरणाऱ्या माणसांची चित्रं काढायचा म्हणून प्रसिद्ध आणि शेवटी वेडा झालेला. गावात सगळ्यांना सगळं माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. भय आहे ते दुपारच्या लख्ख उन्हात. गोदाकाठच्या काळ्या रानात उभं राहिल्यावर जसं क्षितिजापर्यंत काही आडोसा नसतो तसा तो मुलूख, आणि तरी काहीतरी लपलेलं आहे. अवाती त्याच भागातला, एमिलियाचा, म्हणून ते इतकं नेमकं उतरलंय. पहिला तास संथ वाटेल. सोडू नका.

दुसरा लुचो फुल्चीचा १९७२ चा सिनेमा, बदकाच्या पिलाला छळू नका अशा अर्थाचं नाव असलेला. दक्षिण इटलीतल्या डोंगराळ गावात लहान मुलं मारली जातात. मातीच्या बाहुल्यांना टाचण्या टोचणाऱ्या एका बाईवर गाव संशय घेतं. पोलिस तिला निर्दोष म्हणून सोडतात आणि गावातली माणसं तिला कबरस्तानात साखळ्यांनी मारतात. बाजूला रेडिओवर प्रेमगीत चालू. ती सरपटत हमरस्त्यापर्यंत येते, गाड्या शेजारून निघून जातात. इथे वेड एकट्याचं नाही, गावाचं आहे. करणी-भानामतीच्या संशयावरून माणसं मारली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. त्यामुळे हा प्रसंग बघताना ‘तिकडचं’ म्हणून सुटका होत नाही.

प्रश्न : या सिनेमांत अंगाईसारखं गाणं आणि कर्कश रॉक एकत्र येतं. आमच्या लघुपटाला असा आवाज घरच्या घरी करता येईल का?
— वाचक, धाराशिव

त्यातलं रॉक हे गोब्लिन या बँडचं काम. ‘प्रोफोंदो रोस्सो’त खुनी खुनाआधी टेपवर लहान मुलांचं गाणं लावतो, ते मात्र संगीतकार जॉर्जो गास्लिनीचं. ‘सुस्पिरिया’चं संगीत आधीच तयार करून चित्रीकरणाच्या वेळी सेटवर मोठ्याने वाजवलं जायचं. आवाज नोंदवायचाच नव्हता, त्यामुळे ते शक्य झालं. त्या संगीतात बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य आहे आणि चक्क तबलाही आहे, कान देऊन ऐका.

घरी करायचं तर अंगाई एखाद्या आजीकडून, बिनवाद्य, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून घ्या. पंखा, फ्रीज बंद. मग त्याच खोलीत कोणी न बोलता एक मिनिट नुसती शांतता नोंदवा. हा तुकडा सगळ्यात मोलाचा, कारण पूर्ण मूक जागा कानाला बिघाडासारखी वाटते. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अंगाईचा सूर ४० सेकंदांत हळूहळू दोन सेमीटोन (पेटीवरच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांइतकं) खाली न्या. पाच-सहा सेमीटोन उतरवलात तर राक्षसाचा आवाज होतो आणि लोक हसतात. मधल्या एका जागी खोलीचा आवाज दोन सेकंद पूर्ण काढून टाका. प्रेक्षक दचकत नाही, पण मान वळवून बघतो. प्रत्येक दारामागे धडाम वाजवू नका. संपूर्ण लघुपटात एकदाच.

प्रश्न : मुलांसोबत बघता येतील का?
— वाचक, वसमत

नाही. एकही नाही.

प्रश्न : आमचं छोटं वाचनालय आहे. महिन्यातून एकदा सभागृहात असा सिनेमा दाखवायचा विचार आहे. काय तयारी करावी?
— कार्यकर्ते, जालना

आधी परवानगी. विकत घेतलेली डिस्क किंवा ओटीटीचं खातं घरगुती बघण्यापुरतं असतं. सार्वजनिक खेळाला हक्कधारकाची लेखी संमती लागते आणि सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्नही येतो. महोत्सवांना केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेता येते. ही वाट फिल्म सोसायट्यांच्या महासंघाला सवयीची आहे, नोंदणी करून त्यांच्यामार्फत गेलात तर धावपळ वाचेल. दरवर्षी अजिंठा-वेरूळ महोत्सव भरतो, तिथल्या आयोजकांशी बोलूनही बरंच कळेल.

पडद्याचं माप : यातले बरेच सिनेमे २.३५ ला १ या रुंद चौकटीत आहेत. भिंतीवर ८ फूट रुंदी घेतलीत तर चित्राची उंची जेमतेम ३ फूट ५ इंच भरते, म्हणून सहाव्या-सातव्या रांगेच्या मागे खुर्च्या टाकू नका. सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत येत असतील तर पडद्याची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोक्यावर राहील इतकी वर घ्या. प्रोजेक्टरचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून ‘सिनेमा’ लावा. ‘सुस्पिरिया’चा लाल आधीच भडक आहे. छायाचित्रकार लुचानो तोवोलीने दिव्यांसमोर रंगीत कापड आणि कागद धरून तो मुद्दाम तसा केलाय, त्यावर प्रोजेक्टरने आणखी भर घातली की चेहऱ्याचे नाकडोळे दिसेनासे होतात. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर यूपीएस हवाच. लाइट अचानक गेली की आतला थंड करणारा पंखाही थांबतो आणि गरम दिवा फुटतो किंवा त्याचं आयुष्य घटतं. ६०० व्हीए चा साधा यूपीएस सहसा पुरत नाही, प्रोजेक्टरवर लिहिलेले वॅट बघा आणि त्याच्या दुप्पट व्हीए क्षमतेचा घ्या. लाइट गेल्यावर दिवा आधी बंद करा आणि पंखा आपोआप थांबेपर्यंत यूपीएस चालू राहू द्या.

पहिल्या महिन्यात ‘शॉक’ लावा. दीड तासाचा आहे, पात्रं तीन-चारच, आणि शेवटच्या बसने गावी जाणाऱ्यांनाही पूर्ण बघता येईल.